नसलेलं शेवटचं पान

९ मार्च २०२५, रविवार

हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकांनो, तुमचं आणि माझं गाऱ्हाणं एकच आहे. आपल्याकडे धरण आलं, रेल्वे आली, हळदीच्या बाजाराचं नाव चार राज्यांत गेलं. पुस्तक मात्र आलं नाही. गावात दारू कुठे मिळते हे कुणाला विचारावं लागत नाही. पुस्तकाची चौकशी केली तर लोक विचारतात, कोणत्या परीक्षेचं? हा अपमान तुमचा आहे आणि माझाही आहे.

एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. २३ एप्रिलला पुस्तक दिनाचं हिंगोलीतलं मुख्य भाषण माझं आहे. बावीस वर्षं मी वाचनावर बोलते आहे. एवढ्या आधीपासून भाषण लिहायला बसण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. म्हणून ही वही काढली. इथे तरी कुणी टाळ्या वाजवणार नाही.

काल सेनगावला महिला दिनाचं भाषण झालं. हार-शालीऐवजी हल्ली पुस्तकं देतात. ही प्रथा माझ्याच भाषणांमुळे सुरू झाली असं लोक म्हणतात. काल पाच मिळाली. निघताना एका लुगड्यातल्या म्हाताऱ्या बाईनं घडी घातलेला कागद हातात दिला. विहिरीचा नाहीतर घरकुलाचा अर्ज असणार. मी आमदार आहे असं लोकांना काहून वाटतं कुणास ठाऊक. भेटीच्या पुस्तकांपैकी एकात खोचला आणि गाडीत बसले.

घरी आल्यावर माझे यजमान भारत पुस्तकांच्या माळ्याकडे बघून म्हणाले, "मास्तरीण, आता वर जागा न्हाई. एक तर दुकान काढा, न्हाईतर वाचायला लागा."

मी हसले नाही.

११ मार्च

खरं लिहायचं ठरवलं आहे, तर लिहिते. शेवटचं पुस्तक मी आवडीनं कधी वाचलं ते मला आठवत नाही. दहा वर्षं झाली असतील, जास्तही.

पुस्तक उघडते, पण हातात पेन्सिल असते. सभेत चालेल असं वाक्य शोधते. सापडलं की खूण करते, वहीत उतरवते, पुस्तक मिटते. तीस पानांत चार वाक्यं मिळाली तर पुस्तक चांगलं. मोंढ्यातल्या बाजारात पोत्यात बंबी, म्हणजे टोकदार नळी, घालून मालाचा नमुना काढतात. मूठभर हळद बाहेर येते, तिच्यावरून भाव ठरतो, पोतं कुणी उघडत नाही. मी पुस्तकांना बंबी घालते.

आता हेही वाक्य सभेत चालेल असं मनात आलं. शरम वाटली.

१४ मार्च, धुळवड

काही लिहिण्यासारखं नाही. भारत दुपारभर जुना दिवाळी अंक वाचत पडले होते. तोच अंक ते तिसऱ्यांदा वाचत आहेत. "त्यात काय आहे एवढं?" विचारलं तर म्हणाले, "एक खून हाय. कुणी केला ते म्या विसरलो."

१७ मार्च, सोमवार

सकाळची शाळा करून घरी आले तर ओट्यावर हिरासिंग बसलेले. साखऱ्याजवळच्या तांड्यावर त्यांची पिठाची गिरणी आहे. गिरणीशेजारच्या खोलीत दोन कपाटांचं वाचनालय तेच चालवतात. जानेवारीत त्याचं उद्घाटन माझ्याच हातून झालं. त्या दिवशी मी एका कादंबरीबद्दल तळमळीनं बोलले होते. तिचं नाव इथे लिहिणार नाही. जे घडलं त्यात लेखकाचा काही दोष नाही. सासूनं हाकललेल्या शेवंताची ती गोष्ट आहे.

हिरासिंगांनी पिशवीतून ती कादंबरी काढली. कडा पिठानं पांढऱ्या झालेल्या.

"बाई, एक काम व्हतं. ह्याचं शेवटचं पान फाटलंय. बघा, बुडखा दिसून राहिला. तुमच्याजवळ आख्खी प्रत असंल. तेवढं पान झेरॉक्स करून द्या."

"काय आहे त्या पानावर?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"आता घ्या. तुमीच तर सांगितलं व्हतं. शेवंता वीस सालानं गावात येती, पोरींची शाळा काढती, सासू सोता तिच्या गळ्यात हार घालती. बाया आयकून रडल्या त्या दिवशी. नीलाबाईच्या ओसरीवर रोज दोन पानं वाचून बायांनी पुस्तक पुरं केलं. तर ह्यात ती आडावर पानी पिती आन तिथंच तुटतं. शाळा न्हाई, काई न्हाई."

ती शाळा कुठून आली ते मला आठवलं. तोंड मात्र सरावानं बोललं, "माझी प्रत एकीनं नेली आहे. आली की पाठवते."

"पाठवा बराबर. बायांचं चित्त लागंना. आन त्या गोजरबाईचा बी निकाल लागंल."

"कोण गोजरबाई?"

"आमच्यातली म्हातारी. नातवाच्या पाटीवर शिकली वाचायला. पुस्तक सगळ्यात आधी तिनं नेलं व्हतं. आता म्हनती, पुस्तक पुरंच हाय, बाईच चुकल्या असतील." हिरासिंग हसले. "बाया म्हनल्या, व्हय व्हय, हिंगोलीच्या बाई चुकल्या आन तू बराबर. पान काहून फाडलं इचारलं तर म्हनती, ते कोरं व्हतं. कोरं पान कोन फाडतं बाई?"

चहा दिला. ते गेले. मी कपाट उघडलं. कुणीही नेलेली नसलेली माझी प्रत तिथेच होती. शेवटचं पान काढून पाहिलं. शेवंता ओंजळीनं पाणी पिते, पाठ फिरवते, चालू लागते. शेवटची ओळ पानाच्या तळाशी संपते. 'समाप्त' असा शब्द नाही. पुढचं पान कोरं आहे.

१८ मार्च

जानेवारीत काय झालं ते लिहिते, म्हणजे मला पुन्हा विसरता येणार नाही.

ती कादंबरी मी बत्तीस पानं वाचली होती. मलपृष्ठावरचा मजकूर वाचला होता. भाषण रंगात आलं, समोर दीडशे बाया, पदर डोळ्यांना. मी म्हटलं, "आणि शेवटी काय झालं माहीत आहे?" मलाच माहीत नव्हतं. पण थांबणं मला येत नाही. शाळा काढली, हार घातला. शाळेवर टाळी मिळाली, हारावर त्याहून मोठी. परत येताना गाडीत मला एकदाही त्याची आठवण झाली नाही. खोटं बोलले असं मला वाटलंच नाही, भाषण चांगलं झालं असं वाटलं.

ह्यावर माझा काय हिशेब होता? पुस्तकाचं नाव घेतलं तरी शेवटपर्यंत कोण वाचणार आहे, हाच. म्हणजे ज्या लोकांना बावीस वर्षं वाचा वाचा सांगत आले, ते वाचतील ह्यावर माझा स्वतःचा विश्वास नव्हता.

२० मार्च

हिरासिंगांचा फोन. पान मिळालं का? मी म्हटलं, अजून नाही.

मग तेच सांगत बसले. होळीला तांड्यावर लेंगी म्हणतात, बाया-माणसं गोल नाचत, एकमेकांवर गाणी जोडत. यंदाची लेंगी गोजरबाईवर होती. म्हातारी बकरी वाचनालयात शिरली आणि शाळेचं पान खाऊन गेली. लहान लेकरं अजून तिच्या मागं बें बें करत फिरतात.

"ती काय म्हणाली?"

"काय म्हनंल? दुसऱ्या दिशी कार्ड आनून टेबलावर ठिवलं. म्हनली, मला वाचता येत न्हाई, तुमचं तुमाला ठिवा. आता बाकीच्या बी वाचायला बसंनात. नीलाबाई म्हनती, पान आल्याबिगर दुसरं पुस्तक उघडायचं न्हाई. पान फाटलेलं आपल्याला कळलं तरी, पर न फाटलेल्यात काय काय सुटत असंल कोन जाने. आपल्याला येतच न्हाई बराबर वाचायला, असं म्हनायल्या साऱ्याजनी."

मी एवढंच म्हटलं, "करते काहीतरी."

'मी खोटं बोलले' हे तीन शब्द आहेत. तीन तीन तास बोलणाऱ्या बाईच्या तोंडून ते निघाले नाहीत.

२१ मार्च

काय करायचं ठरवलं ते लिहायला हात धजत नाही, पण ही वही त्यासाठीच आहे.

ते पान मी लिहिणार आहे. एक पान. शाळा, हार, सासूचे डोळे. ओळखीच्या छापखान्यात त्याच अक्षरात छापून घ्यायचं, झेरॉक्स काढायची, पाठवून द्यायची. बायांना शाळा मिळेल. गोजरबाईचं काय? पान फाडल्याचा आळ राहील. पण चार दिवसांत लोक विसरतील, मी भेटून काही पुस्तकं देईन तिला.

हे वाक्य मीच लिहिलं आहे.

२२ मार्च

पान लिहायला बसले. सासूचं नाव काय? आठवेना. गावातला आड कुठे आहे, शाळा कुठे काढेल, शेवंताला अक्षरं कुणी शिकवली? काहीच माहीत नाही. खोटं लिहायचं तरी पुस्तक वाचावं लागणार. तेहतिसाव्या पानापासून सुरुवात केली.

२४ मार्च

वाचता येत नाही. ही अतिशयोक्ती नाही. पान संपतं आणि काय वाचलं ते सांगता येत नाही. डोळे ओळीवर, मन फोनवर. हात आपोआप पेन्सिल शोधतो. एका परिच्छेदाखाली मी दोनदा खूण केली, कारण पहिली खूण केल्याचं लक्षात नव्हतं. एकोणचाळिसावं पान चार वेळा वाचलं.

आम्ही हटकर. लहानपणी मी बाबांच्या मेंढरांमागे फिरायचे. वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचायचे. एकदा वाचता वाचता मेंढरं पाटलाच्या हरभऱ्यात शिरली. पाटलानं बाबांना सगळ्यांदेखत वाटेल ते सुनावलं. घरी येताना बाबा मेंढरं हाकत पुढे चालले होते. मला वाटलं आता मार बसतो. ओढा ओलांडल्यावर म्हणाले, "एवढं काय व्हतं त्या कागदात?" मी सांगितलं. राजाचा मुलगा विहिरीत पडला होता आणि पुडीचा कागद तिथेच फाटला होता. बाबा म्हणाले, "मंग फुडं काय झालं?" मी म्हटलं, माहीत नाही. "उद्या त्याच वाण्याकडून मीठ आन," म्हणाले.

त्या मल्हारी हटकराची मुलगी एकोणचाळिसाव्या पानावर अडकून बसली आहे.

२६ मार्च

पेन्सिल भारतकडे दिली. फोनही त्यांच्याबरोबर मोंढ्यातल्या त्यांच्या वजनकाट्यावर पाठवला. ते म्हणाले, "लोक इचारतील, बाईंचा फोन काट्यावर काहून?" मी म्हटलं, सांगा वजन करायला आणलाय.

दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले, तिथे वारा येतो. पहिली काही पानं ओढत नेली. मग शेवंता वीटभट्टीवर गेली. तिथे मुकादम तिला रात्री राखणीला बसवतो आणि ती एकटी भट्टीच्या उबेला बसून स्वतःशी बोलते. तान्ही लेक सासूनं हिसकावून घेतली, ती आता रांगत असेल, आता चालत असेल, आता आई म्हणून कुणाला हाक मारत असेल.

भारत दारात उभे होते. अंधारून आलं होतं. मी गॅस पेटवला नव्हता, दिवा लावला नव्हता, वीजबिल ओळीखाली धरून उरलेल्या उजेडात वाचत होते.

"काय झालं?" ते घाबरून म्हणाले.

"शेवंता भट्टीवरून पळाली."

ते चप्पल काढून समोर बसले. "मंग?"

मी त्यांना पुढची अकरा पानं मोठ्यानं वाचून दाखवली. खिचडी नऊ वाजता झाली. मुकादमाला त्यांनी दोन शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.

२८ मार्च

संपली.

शेवट आता सगळं पुस्तक वाचून वाचला. वीस वर्षांनी शेवंता गावात येते. आडावर एक मुलगी पाणी शेंदते आहे. पोरगी विचारते, पाहुण्या कुठल्या? शेवंता सांगत नाही. ओंजळ पुढे करते, पोरगी पाणी घालते, बांगड्या मागे सरतात, मनगटावर रुपयाएवढा डाग दिसतो. शेवंता पोटभर पिते, आणि घराकडे न जाता आल्या वाटेनं निघून जाते.

सगळ्या पुस्तकात तिला कुणी मायेनं पाणीसुद्धा दिलेलं नाही. ते मिळालं, आणि गेली. माझी शाळा आणि हार त्यापुढे किती स्वस्त आहे. वाईट म्हणजे काल-परवा उंबऱ्यावर बसून मला जे मिळालं, ते मी त्या बायांना देऊच दिलं नाही. त्या बिचाऱ्या आडापर्यंत पोचल्या होत्या. आणि माझ्या भाषणामुळे तिथे हार शोधत बसल्या.

लिहायला घेतलेलं पान फाडून अंघोळीच्या बंबात टाकलं.

२९ मार्च

लक्षात आलं की मला अजून वाचायचं आहे. भूक लागावी तसं. माळ्यावर चढले, सेनगावला मिळालेल्या पाचांतलं वरचं पुस्तक उचललं. त्यातून घडी घातलेला कागद पडला. अर्ज आठवला. आता तरी वाचावा म्हणून उघडला.

जाड, पिवळसर कागद. एक कड दातेरी. कोपऱ्यात वाचनालयाचा गोल शिक्का. शिक्क्यात साखऱ्याचं नाव.

पाटीवर गिरवल्यासारखी मोठी अक्षरं. जसंच्या तसं उतरवते:

"सत्यशीलाबाईंना गोजरबाईचा रामराम. तुमी सांगितलेलं पुस्तक मी तीन बार वाचलं. शाळा कुटंच न्हाई सापडली. हार बी न्हाई. ती पानी पिऊन गेली. माजं चुकलं असंल तर सांगा, मंजे मी परत वाचते. तुमचं चुकलं असंल तरी सांगा. कागद नव्हता मनून पुस्तकाचं कोरं पान घेतलं, त्याची माफी. उत्तर द्या."

पंधरा दिवस ज्या पानावरून तिला बकरी म्हटलं गेलं, ते एकवीस दिवस माझ्या घरात होतं. होळीच्या आधी पाच दिवस तिनं ते माझ्या हातात दिलं होतं. मी उघडलं असतं तर लेंगी झालीच नसती.

बावीस वर्षांत माझ्या भाषणानंतर कुणी मला असा प्रश्न विचारलेला नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. आज सणाचं कुणाच्या दारी काय जायचं, म्हणून गेले नाही. सण हे कारण नाही, हे मला माहीत आहे.

३१ मार्च

फोनवर मिटवायचं ठरवलं. हिरासिंगांना सांगितलं, "पुस्तक पुरं आहे. फाटलेलं पान कोरंच होतं. शाळा मी मनानं सांगितली. चूक माझी."

पलीकडे त्यांनी गिरणी बंद केली. मग म्हणाले, "बाई, तुमचं मन लई मोठं हाय. म्हातारीवरचा आळ तुमी सोताच्या अंगावर घेऊन राहिल्या."

"तसं नाही हो. खरंच."

"सांगतो बायांना, बाई असं म्हनल्या. पर पान भेटलं तर पाठवा."

मी फोन ठेवला. लोक माझ्या खोट्याला टाळ्या देतात, आणि खरं सांगितलं तर त्यालाही माझा मोठेपणाच समजतात.

२ एप्रिल, बुधवार

शाळेत रजा टाकून सकाळच्या एसटीनं साखरा, तिथून चालत तांडा. पिशवीत माझी प्रत, तो कागद आणि डिंकाची बाटली.

अंगणांमध्ये शिजवलेली हळद वाळत घातलेली. नीलाबाईंच्या ओसरीवर हिरासिंगांनी पंधरा-वीस बाया जमवल्या. नीलाबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला, "बाई चालत आल्या, तकलीफ झाली," म्हणाल्या. गोजरबाई नव्हती. मी म्हटलं, तिच्या घरी जाऊ. सगळ्या निघाल्या.

ती आपल्या अंगणात हळकुंडं पसरत होती. मला पाहिलं, उठली नाही. उभं राहून बोलायची मला सवय. पण तिच्यासमोर उभं राहवेना. हळदीच्या कडेला खाली बसले. आणि आधी पुस्तकाचं शेवटचं कोरं पान सगळ्यांना दाखवलं, मग तिचा कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. शिक्क्यासकट फिरवला. म्हटलं, "हे तुमचं फाटलेलं पान. हिनं मला होळीच्या आधी दिलं. मी उघडलं नाही. आणि शाळा ह्या पुस्तकात नाही, कारण जानेवारीत मी हे पुस्तक वाचलंच नव्हतं. बत्तीस पानं वाचली होती. बाकीचं खोटं सांगितलं."

 एका बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

मग नीलाबाई म्हणाल्या, "न वाचता सांगितलं?"

"हो."

"आन आमी रडलो."

"हो."

"बाई, आमी तर तुमच्यापायी आमच्या डोळ्यांवर भरवसा ठिवला न्हाई." त्या रागानं बोलल्या नाहीत. रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गोजरबाई एवढा वेळ हळद सारखी करत होती. आता हात झटकून माझ्याकडे वळली. "आता वाचलं का पुरं?"

"वाचलं."

"मंग सांगा, पानी कुनी दिलं?"

"आडावरच्या मुलीनं."

"कोनाची पोरगी?"

 पुस्तकात सांगितलेलं नाही. तसं म्हटलं.

"सांगितलंय," गोजरबाई म्हणाली. "तिचीच लेक हाय ती. तान्ही असताना चिमणीची काच लागून मनगट भाजलं व्हतं. सुरवातीलाच हाय. आईनं पोरगी वळखली, पोरीनं आई वळखली न्हाई. म्हनून तर गेली ती. न्हाई तर वीस सालानं आलेली आई घरला न जाता कशी जाईल, बाई?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. नीलाबाईंच्या डोळ्यांत जे आलं, ते जानेवारीत माझ्या भाषणानं आलं होतं त्याहून वेगळं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "पोटच्या पोरीच्या हातचं पानी पिली व्हय. मंग बराबर हाय. मंग शाळा कशाला पायजे?"

मी पुस्तक चाळलं. चौदावं पान. चिमणी फुटते, काच लागते, तान्हीचं मनगट भाजतं, सासू शेवंताला दोष देते आणि हाकलते. त्याच्या बरोबर खालच्या ओळीखाली माझ्या पेन्सिलीची जाड रेघ होती: 'बाईचा गुन्हा एवढाच की ती गरीब घरची होती.' हे वाक्य मी निदान वीस सभांत वापरलं आहे. वरची ओळ मी वाचलेलीच नव्हती. तेहतिसाव्या पानापासून सुरुवात केली होती ना. पहिली बत्तीस मी वाचली आहेत अशी माझी खात्री होती.

मी ते त्यांना दाखवलं. तेव्हा गोजरबाई पहिल्यांदा हसली. "तुमची रेघच खाली बसली बाई."

हिरासिंगांनी खिशातून तिचं कार्ड काढून पुढे केलं. तिनं घेतलं नाही. नीलाबाईंकडे पाहून म्हणाली, "आधी ती लेंगी परत घ्या."

"म्हनलेलं गानं परत कसं घ्यावं, याडी?" याडी म्हणजे त्यांच्यात आई.

"मंग दुसरं म्हना."

"होळी झाली की. आता कुटं लेंगी."

"बाईंसाठी म्हना एक डाव. एवढ्या हिंगोलीवरून आल्या."

आणि त्यांनी म्हटलं. टाळ्यांवर, त्यांच्या गोरमाटी बोलीत. निम्मं कळलं, उरलेलं हिरासिंगांनी खाली मान घालून समजावलं. हिंगोलीहून एक मेंढी आली, गळ्यात तिच्या शाल, पुस्तकाचं पुठ्ठं खाल्लं आणि म्हणाली, आत गोड गोड शाळा होती. लेकरं माझ्याभोवती बें बें करत फिरली. मी मांडी घालून शेवटपर्यंत ऐकलं. बावीस वर्षांत टाळ्या पुष्कळ ऐकल्या. ह्या मात्र हक्काच्या होत्या.

मी डिंकाची बाटली काढली. गोजरबाईनं कागद माझ्या हातातून घेतला आणि वाचनालयाच्या प्रतीत, बुडख्याला दातेरी कड जुळवून, स्वतः चिकटवला. पत्र तसंच राहिलं पानावर. हिरासिंग म्हणाले, "आता हे कोरं न्हाई राहिलं." ती म्हणाली, "राहू दे. फुडच्याला कळंल."

मग तिनं कार्ड घेतलं. मी तिची माफी मागितली. ती परत हळकुंडांकडे वळली. निघताना मात्र विचारलं, "दुसरं कोन्तं पुस्तक चांगलं हाय?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. वाचते आणि सांगते."

परतीच्या गाडीत सेनगावच्या पाचांतलं एक उघडलं. हिंगोलीचा डेपो आला, गाडी रिकामी झाली तरी मी बसलेली. कंडक्टर म्हणाला, "बाई, उतरा, गाडी वॉशिंगला चालली."

१२ एप्रिल

एक संपलं, फार चांगलं नाही. तरी संपवलं. गोजरबाईंना तसं पोस्टकार्ड टाकलं: वाचलं, मधलं कंटाळवाणं आहे, शेवटी नवरा मरत नाही. हे भारतनी वाचलं आणि रागावले. ते तेच पुस्तक वाचत होते.

२३ एप्रिल, सकाळ

संध्याकाळी बोलायचं आहे ते इथे लिहिते आणि ह्याच वहीतून वाचणार आहे. पाठ केलेलं नाही. गोजरबाई यायला कबूल झाली आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकांनो, तुमचं गाऱ्हाणं मला आता कळलं आहे. आजवर मी तुम्हाला सांगत आले की पुस्तक तुमच्यापर्यंत आलं नाही. ते आलं होतं. साखऱ्याजवळच्या तांड्यावर ते आलं, बायांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग आमच्यासारखे वक्ते मधे उभे राहिले आणि न वाचलेल्या पुस्तकांचे शेवट तुम्हाला सांगत राहिले. आमचा आवाज मोठा, म्हणून तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास केलात. एका साठीच्या बाईनं केला नाही. तिचं नाव गोजरबाई. तिला माझ्यापायी भर होळीत बकरी म्हटलं गेलं. बरोबर तीच होती, आणि मी खोटं बोलले होते. ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्याइतकं नीट वाचायला मी अजून शिकते आहे.

तुम्ही वाचा, असं मी आज सांगणार नाही. ते सांगायचा माझा हक्क गेला. एकच मागते. ह्या व्यासपीठावरून कुणीही, कितीही मोठा माणूस असो, पुस्तकाचं नाव घेईल, त्या क्षणी टाळी वाजवू नका. जागेवर उभे राहा आणि विचारा, तुम्ही ते पुरं वाचलं का, आणि शेवटी काय झालं?

मी आता एका पुस्तकाचं नाव घेणार आहे. उठा, आणि मला विचारा.